वर बसलेल्याला काय ठाऊक?

समुद्रात तेल सांडलं की दोन गट पडतात, आणि खान्देशाला समुद्र नसला तरी इथल्या चहाच्या टपरीवरही ते तसेच पडतात. एक गट म्हणतो, कंपनीच्या बड्या साहेबाला आधी आत टाका. दुसरा म्हणतो, लंडनच्या कचेरीत बसलेल्या माणसाला दीड किलोमीटर पाण्याखालच्या झडपेचं काय ठाऊक? ज्याचा हात मशीनवर होता त्याला विचारा. मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश तेलकंपनीच्या मकोंडो विहिरीतून 2010 मध्ये झालेल्या गळतीपासून मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे बुडालेल्या एमएससी एल्सा 3 जहाजापर्यंत वाद याच दोन खुंट्यांना बांधलेला आहे. दोन्ही गट शोधतात ते एकच: वाईट माणूस कोण? माझ्या मते शोध चुकीच्या वावरात चालला आहे. प्रमुखाची जबाबदारी त्याच्या स्वभावात किंवा नंतरच्या माफीत शोधायची नसते. कामाला किती दिवस द्यायचे, सुरक्षितता म्हणून काय मोजायचं आणि वाईट बातमी घेऊन वर येणाऱ्याचं काय करायचं, हे तो अपघाताच्या कितीतरी आधी ठरवून बसलेला असतो. ते त्यानेच ठरवलेलं असतं, त्यामुळे ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब तिथं चालत नाही.

आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. मुंबई हायपासून वसई क्षेत्रापर्यंतचं तेल आणि वायू आपल्याच पंपांत, ट्रॅक्टरांत आणि सिलिंडरांत येतं. आपली तापी जिथं समुद्राला मिळते त्या हजिऱ्यालाच वसई क्षेत्रातला वायू जमिनीवर येतो. शिवाय ‘वर बसलेल्याला काय ठाऊक’ हा युक्तिवाद काही समुद्रातच चालतो असं नाही. आपल्या एमआयडीसीतही तो रोज चालतो.

आधी काय घडलं ते नीट पाहू, कारण तपशील सुटला की चर्चेला फक्त राग उरतो. यावल-रावेर पट्ट्यात बोअर घेणाऱ्याला केसिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तेलविहिरीतही केसिंगच असतं, फक्त तिथं पाइप आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटने भरावी लागते. ती कच्ची राहिली तर खालचा वायू त्याच वाटेने वर चढतो. पाइप भोकाच्या मधोमध राहिला तरच सिमेंट चहूकडून सारखं बसतं. एका बाजूला टेकला की रुंद बाजूने सिमेंट निघून जातं आणि अरुंद बाजूला चिखल तसाच राहतो. म्हणून पाइपवर सेंट्रलायझर नावाची कडी बसवतात. मकोंडो विहिरीसाठी सिमेंटचं काम घेतलेल्या हॅलिबर्टनच्या हिशोबात 21 कडी निघाली, बसली 6. आणखी 15 हेलिकॉप्टरने आणलेली होती, पण ती चुकीच्या जातीची आहेत असं समजून बाजूला ठेवली गेली. बीपीच्या एका अभियंत्याने त्या दिवसांत पाठवलेल्या ईमेलचा भावार्थ असा: झालं ते झालं, बहुतेक निभावेल. (कमी कड्यांमुळेच सिमेंट फसलं असं चौकशीत ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण ‘बहुतेक निभावेल’ हे वाक्य कड्यांपेक्षा जास्त बोलतं.) नायट्रोजनचा फेस मिसळलेलं ते सिमेंट टिकत नाही, असं प्रयोगशाळेतल्या आधीच्या चाचण्या सांगत होत्या. सिमेंट नीट बसलं का हे विहिरीत यंत्र उतरवून तपासणारी माणसं डीपवॉटर होरायझन या रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर, हजर होती. 20 एप्रिलच्या सकाळी त्यांना परत पाठवलं. वाचले ते 9 ते 12 तास आणि सुमारे 1,28,000 डॉलर.

त्याच संध्याकाळची चाचणी तर आणखी जवळून पाहण्यासारखी आहे. विहिरीवरचा भार मुद्दाम कमी करायचा आणि खालून काही वर ढकलतंय का ते बघायचं, याला नकारात्मक दाब चाचणी म्हणतात. ड्रिल पाइपवरचा दाबाचा काटा 1,400 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक). शेजारच्या किल लाइनमधून मात्र काहीच वाहत नाही. दोन्ही नळ्या त्याच एका विहिरीत उतरलेल्या. एकाच टाकीच्या दोन तोट्यांपैकी एक जोराने उडतेय आणि दुसरी कोरडी आहे, असं दिसलं तर शेतातला पोरगाही म्हणेल की दुसरी तुंबली आहे. तिथल्या अनुभवी माणसांनी त्याला ‘ब्लॅडर इफेक्ट’ असं नाव दिलं, कोरड्या नळीवर विश्वास ठेवला आणि चाचणी उत्तीर्ण ठरवली. नंतरच्या तज्ज्ञांना या इफेक्टमध्ये काही दम आढळला नाही. मग विहीर दाबून धरणारा, समुद्राच्या पाण्याच्या दीडपटीहून जड चिखल काढून त्याजागी समुद्राचंच पाणी भरायला सुरुवात झाली. रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट. 11 माणसं गेली, दोन दिवसांनी रिग बुडाली, तेल 87 दिवस वाहत राहिलं. न्यायालयाने समुद्रात गेलेल्या तेलाचा आकडा 31.9 लाख बॅरल धरला. सरकारी अंदाज याहून मोठा होता.

तर मग चूक कुणाची? काटा वाचणाऱ्याची, हे मी नाकारत नाही. 1,400 चा आकडा डोळ्यांपुढे होता आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. त्याला वरचा साहेब जबाबदार आहे असं थेट म्हणणं लबाडीचं होईल. पण पुढचा प्रश्न विचारायचाच नाही का? ही चाचणी कशी करायची आणि कोणता आकडा आला की थांबायचं, याची लेखी पद्धत ना बीपीकडे होती, ना रिगची मालक असलेल्या ट्रान्सओशनकडे, ना सरकारी नियमांत. विहीर तात्पुरती बंद करण्याचा आराखडा शेवटच्या आठवड्यात अनेकदा बदलला, आणि शेवटचा बदल रिगवरच्या माणसांच्या हाती पडला तो त्याच दिवशी सकाळी. काम ठरल्यापेक्षा महिनाभराहून जास्त मागे होतं, रिगचं नुसतं भाडं दिवसाला पाच लाख डॉलरच्या वर. अशा वेळी ‘थांबा, परत चाचणी घेऊ’ म्हणणारा माणूस शूर लागतो. आणि जिथं सुरक्षितता शूर माणूस मिळण्यावर अवलंबून आहे, तिथं व्यवस्थापन काय करत होतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाने जानेवारी 2011 च्या अहवालात बहुतेक चुकांचं मूळ एकाच ठिकाणी दाखवलं: व्यवस्थापनाचं अपयश.

याहून बोचणारी गोष्ट उत्तर समुद्रातली. चारच महिने आधी, 23 डिसेंबर 2009 रोजी, ट्रान्सओशनच्याच दुसऱ्या एका रिगवर जवळजवळ हेच घडलं होतं. चाचणी उत्तीर्ण, चिखल काढून पाणी भरणं सुरू, आणि विहीर उसळली. तिथं ती वेळेत आवरली. कंपनीने त्यावर धड्यांचं सादरीकरणही तयार केलं. ते डीपवॉटर होरायझनच्या माणसांपर्यंत पोहोचलंच नाही. काटा चुकीचा वाचणं ही रिगवरच्या माणसाची चूक असेल; एका रिगचा धडा दुसऱ्या रिगवर न पोहोचणं ही कुणाची? तिथं पाना धरलेला हातच नाही. ते काम कचेरीचंच.

आता मोजमापाकडे येतो, कारण या वादात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. स्फोटाच्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात सात वर्षांत झाला नाही, याचं कौतुक तिथं होतं. आकडा खोटा नव्हता. पण तो मोजत काय होता? पाय घसरणं, बोट चेमटणं, जिन्यावरून पडणं. यातला कोणताही आकडा विहिरीतल्या दाबाबद्दल अक्षर बोलत नाही. आणि हे बीपीला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. 23 मार्च 2005 रोजी टेक्सास सिटीच्या तिच्याच शुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा मर्यादेबाहेर भरून स्फोट झाला, 15 माणसं गेली. जेम्स बेकर यांच्या समितीने जानेवारी 2007 मध्ये स्पष्ट लिहिलं की कंपनी वैयक्तिक इजांचे आकडे बघून प्रक्रिया सुरक्षित आहे असं मानत आली. नवे प्रमुख टोनी हेवर्ड त्याच वर्षी सुरक्षिततेची ग्वाही देत खुर्चीवर बसले. तीन वर्षांनी तोच गोंधळ, आता पाण्यावर. ट्रान्सओशनने तर 2010 हे सुरक्षिततेच्या दृष्टीने आपलं सर्वोत्तम वर्ष म्हणून वरिष्ठांना बोनस दिले. ओरड झाल्यावर ती रक्कम मृतांच्या कुटुंबांच्या निधीला दिली गेली. यात कुणी राक्षस दिसतो का? मला दिसतो तो एक तक्ता, ज्यात 11 मृत्यूंचं वजन कमी आणि घसरलेल्या पायांचं जास्त होतं. तो तक्ता कुणीतरी मंजूर केला होता.

आपल्याकडे कारखान्याच्या फाटकावर ‘अपघातविरहित दिवस’ अशी पाटी असते. 4 मार्चला सुरक्षा दिनी तिच्यापुढे शपथ होते, फोटो निघतो. जिनिंग-प्रेसिंगवाल्याला विचारा, आग कशाने लागते. कपाशीतून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत जातो, ठिणगी पडते आणि रुईचा ढीग पेटतो. लोखंड ओढणारं चुंबक शेवटचं साफ कधी केलं, पाण्याचा हौद भरलेला आहे का, हंगामाच्या घाईत मशीन बंद करायची मुभा मुकादमाला आहे का, यातलं पाटीवर काय असतं? आणि आग लागली की बातमीत मात्र शॉर्टसर्किट नाहीतर कामगाराचा हलगर्जीपणा. शिरपूरजवळच्या वाघाडीत 31 ऑगस्ट 2019 रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन डझनाहून अधिक माणसं गेली. तेव्हाही गावोगावच्या चर्चेने ‘मालक’ आणि ‘कामगार’ ही दोनच पात्रं उभी केली होती.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा कंत्राटांचा. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंट हॅलिबर्टनचं, आणीबाणीत विहीर बंद करणाऱ्या झडपांचा मनोरा कॅमेरॉनचा. इतक्या हातांत वाटलेल्या कामाचा दोष एका खुर्चीवर कसा टाकणार? न्यायालयानेही तो वाटलाच: 2014 च्या निकालात बीपी 67 टक्के, ट्रान्सओशन 30, हॅलिबर्टन 3. पण काम वाटणं हाही निर्णयच आहे आणि तो वरच होतो. पांझरेच्या खोऱ्यातली फड बागायत आठवा. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, तरी पाणी सोडणारा पाटकरी ठरलेला, राखण करणारा जागल्या ठरलेला, त्यांच्यावर पंच. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे पाण्याचा निर्णय चुकला तर ठरवणाऱ्याचंही पीक वाळणार. काम वाटलं म्हणून जबाबदारी पातळ होत नव्हती, कारण कोणता दरवाजा कुणाचा हे पाणी सोडण्याआधी माहीत होतं. मकोंडोवर ते माहीत नव्हतं. दोन काटे वेगळे बोलत असताना किनाऱ्यावरच्या अभियंत्याला फोन करायचा की नाही, हेही ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म पेटला. दुरुस्तीसाठी सुरक्षा झडप काढलेला पंप पाळी बदलताना निरोप न पोहोचल्याने चालू केला गेला. इथवर पुन्हा खालच्याच माणसाची चूक. पण आग धुमसत असताना शेजारच्या क्लेमोर आणि टार्टन या प्लॅटफॉर्मांवरून त्याच नळांत तेल-वायू येतच राहिला. उत्पादन थांबवण्याआधी किनाऱ्याकडे बघायचं, हीच तिथली रीत. शेजारी 167 माणसं मरत असताना झडप फिरवायला परवानगी कशाला लागावी? कारण बंद केल्याचा जाब विचारला जाईल आणि चालू ठेवल्याचा कुणी विचारणार नाही, हे प्रत्येक व्यवस्थापकाला न सांगता कळलेलं असतं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या. त्यातला गाभा असा की आपला प्लॅटफॉर्म सुरक्षित का आहे हे कंपनीनेच आधी लिहून सिद्ध करावं. एवढं होऊनही प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या ऑक्सिडेंटल कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

आणखी एक आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. वरच्यांना तुरुंगाची भीती घातली तर माहिती दडेल. विमान वाहतुकीत चूक कबूल करणाऱ्याला अभय देतात, म्हणून तिथं चुका कळतात. इथं उलट कराल तर प्रत्येक ईमेल वकिलाला विचारून लिहिला जाईल. भीती खरी आहे. पण अभय कुणाला हवं? काटा चुकीचा वाचला असं सांगणाऱ्याला. ते न ऐकणारी व्यवस्था उभी करणाऱ्याला का? प्रत्यक्षात घडलं ते नेमकं उलटं. सदोष मनुष्यवधाचे आरोप लागले ते रिगवरच्या दोन देखरेख अधिकाऱ्यांवर, आणि तेही पुढे मागे घेतले गेले. बीपीने 2012 मध्ये कंपनी म्हणून गुन्हा कबूल केला, दंड-भरपाई-सफाई मिळून खर्च 65 अब्ज डॉलरच्या पुढे गेला. तो भागधारकांच्या खिशातून, म्हणजे ब्रिटनमधल्या कित्येक निवृत्तिवेतन निधींतूनही गेला. हेवर्ड यांच्या ‘मला माझं आयुष्य परत हवंय’ या वाक्यावर आणि नंतरच्या त्यांच्या बोटींच्या शर्यतीवर जगाने यथेच्छ तोंडसुख घेतलं. ते किनाऱ्यावर बसून ढसाढसा रडले असते, तर सिमेंट पक्कं झालं असतं का? एक्सॉन व्हाल्डीझ या तेलवाहू जहाजाच्या अपघाताच्या वेळी (24 मार्च 1989) सगळी चर्चा कप्तानाच्या दारूभोवती फिरली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मात्र सुकाणूपाशी असलेल्या अधिकाऱ्याचा थकवा आणि पुरेशी, विश्रांती घेतलेली माणसं न देणारी कंपनी हेही कारणांत नोंदवलं होतं.

आपल्याकडे हे चित्र वेगळं आहे? 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायवर जखमी आचाऱ्याला उतरवायला आलेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे वायूच्या उभ्या नळावर, आदळलं, दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला, 22 माणसं गेली. जहाज कप्तान चालवत होता. पण वायूचा नळ जहाजं लागतात त्या बाजूला पुरेशा आडोशाशिवाय ठेवण्याचं त्याने ठरवलं नव्हतं. मे 2021 च्या तौक्ते वादळात, सरकारी तेलकंपनी ओएनजीसीच्या कामावरच्या माणसांना ठेवलेला पी-305 बार्ज (तरंगता तराफा) बुडाला. सोबतच्या टगसह 80 हून अधिक बळी. हवामान खात्याचे इशारे आधीपासून होते. पोलिसांच्या गुन्ह्यात पहिलं नाव बार्जच्या कप्तानाचं, जो समुद्रातून परतलाच नव्हता. त्या मानाने ओएनजीसीच्या तीन कार्यकारी संचालकांचं निलंबन झालं, हे नोंदवलंच पाहिजे. भोपाळमध्ये तर 1984 च्या त्या रात्री टाकीतलं विषारी रसायन थंड ठेवणारी शीतन यंत्रणा कित्येक महिने बंदच होती, सुटलेला वायू जाळून टाकण्यासाठीचा फ्लेअर मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला. शीतन बंद करणं हे कामगाराच्या हातातलं नव्हतं. 2010 मध्ये निकाल लागला तेव्हा दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली.

गंमत म्हणजे योग्य तत्त्व आपल्याच कायद्यात सापडतं. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या कारखान्याचा ‘भोगवटादार’ म्हणजे तिच्या संचालकांपैकीच एक, असं ठरलं. पगारी व्यवस्थापकाचं नाव पुढे करून सुटायची वाट सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंद केली. नाव अपघाताआधीच कागदावर असल्याने नंतर वाईट माणूस शोधत फिरावं लागत नाही. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळती प्रकरणात न्या. भगवतींच्या पीठाने धोकादायक उद्योगाला ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचावच नाकारला. पण समुद्रातल्या तेलउद्योगाच्या सुरक्षेवर देखरेख करणारं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाखाली, आणि सर्वांत मोठी उत्पादक कंपनीही त्याच मंत्रालयाची. अमेरिकेत परवाने, महसूल आणि सुरक्षा एकाच खात्यात होती. मकोंडोनंतर ते खातं तोडावं लागलं. त्या खात्याने मंजूर केलेल्या बीपीच्या गळती आराखड्यात, मेक्सिकोच्या उबदार आखातात वाचवायच्या प्राण्यांच्या यादीत वालरस होता. संपर्कासाठी दिलेले एक तज्ज्ञ 2005 मध्येच वारले होते. आणखी काही बड्या कंपन्यांच्या आराखड्यांतही हाच बर्फातला प्राणी. सही करणाऱ्यांपैकी कुणी तो कागद वाचला होता?

म्हणून मागणी करायची तर सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) दोन टक्क्यांतून बांधलेल्या शाळाखोल्यांची नको. समुद्रातल्या प्रत्येक विहिरीच्या परवान्यावर एका संचालकाची सही हवी. त्याच्या सहीने दरवर्षी छापलं जावं: किती सुरक्षा यंत्रांची दुरुस्ती मुदतीनंतरही राहिली, किती वेळा धोक्याची घंटा मुद्दाम दाबून ठेवली (डीपवॉटर होरायझनवर झोपमोड होऊ नये म्हणून ती दाबलेली होती, अशी साक्ष चौकशीत झाली), आणि काम थांबवणारे खालचे कर्मचारी किती, वर्षभराने त्यातले किती नोकरीत आहेत. हे आकडे फुगवता येतील, हेही खरं. पण खोट्या आकड्याखाली स्वतःची सही असणं आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणणं एकत्र जमत नाही.

सरकारचा कल सध्या दुसरीकडे आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमाचा भंग केल्यास 1986 पासून पाच वर्षांपर्यंत कैद होती; 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून त्याजागी 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती आणली. लहान उद्योजकाला खेटे घालायला लावणाऱ्या कलमांबद्दलची तक्रार रास्त होती, आणि हरित लवाद भरपाई वेगळी वसूल करू शकतो. तरी आकडा ताडून बघा. डीपवॉटर होरायझनचं रोजचं भाडं आजच्या विनिमय दराने रुपयांत मांडलं, तर 15 लाखांत ती रिग तासभरही चालत नाही.